लेबर रूममधलं आठ ते आठ

सकाळी ७.१५
काचीगुड्याच्या घरातून निघते. आमचं मराठी कुटुंब निजामाच्या काळापासून हैदराबादेत आहे. घरात मराठी, गल्लीत दखनी आणि दवाखान्यात तेलुगू, अशी माझी रोजची वाट. एका सरकारी प्रसूती रुग्णालयात मी मिडवाइफ आहे. आज दुपारच्या सहकारिणीची रजा आहे, म्हणून आठ ते आठ मीच.

८.००
रात्रपाळीची मैत्रीण चार्ज देते, म्हणजे प्रत्येक खाटेपाशी उभं राहून बाईच्या देखत सगळं सांगते. पहिली पहिलटकरीण, गर्भाशयाचं तोंड चार सेंटिमीटर उघडलेलं. दुसरीची दुसरी खेप, सहा सेंटिमीटर. तिसरी रात्रीपर्यंत ठीक होती, पण आता रक्तदाब १४६/९४. तो मी पुन्हा मोजते आणि तिला डॉक्टरांच्या विभागात पाठवते. आमच्याकडे फक्त बिनजोखमीच्या बायका असतात. जुळं, पायाळू बाळ, आधीचं सिझेरियन किंवा वाढलेला दाब असेल, तर बाई डॉक्टरांची. आम्ही नंतरही तिच्याजवळ बसतो, पण निर्णय त्यांचे.

९.३०
पहिलटकरणीची सासू विचारते, "डॉक्टर कधी येणार?" मी सांगते, "लागले तर लगेच येतील, अम्मा. तोवर मी आहे." उत्तर तिला पटत नाही. नर्सच्याच गणवेशातली ही बाई बाळंतपण करणार म्हणजे नक्की काय करणार?

तिला माझं शिक्षण थोडक्यात सांगते. आधी नर्सिंग आणि नोंदणी, मग लेबर रूममधली काही वर्षं, त्यानंतर अठरा महिन्यांचा 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी' अभ्यासक्रम. तेलंगणानं २०१७ मध्ये फर्नांडिझ फाउंडेशन आणि युनिसेफच्या साथीनं असं प्रशिक्षण सुरू केलं. केंद्र सरकारची देशभरासाठीची मार्गदर्शक तत्त्वं २०१८ च्या डिसेंबरात आली. पेशा इतका नवा, त्यामुळे शहरात आमच्या नावाची पाटी सहसा दिसत नाही. आम्ही सापडतो मोठ्या प्रसूती रुग्णालयांच्या आत, तेही कुणी मुद्दाम विचारलं तर.

१०.१५
सुनेला मी खाटेवरून उठवते. व्हरांड्यात फेऱ्या, मग मोठ्या रबरी चेंडूवर बसून कंबर गोल फिरवणं. सासू कंबर दाबून देते. नात्यातली एक बाई सोबत ठेवायला सरकारी रुग्णालयांत २०१६ पासून परवानगी आहे. जिथे ती खरोखर मिळते, तिथे माझं निम्मं काम सोपं होतं. सरबत, थोडी इडली चालते. उपाशी पोटी कळा सोसवत नाहीत.

तपासणीची घाई मी करत नाही. पूर्वी तासाला एक सेंटिमीटर हा हिशेब धरत आणि त्यात मागे पडली की सलाइनमधून कळा वाढवायचं औषध लावत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये तो हिशेब सोडायला सांगितलं आणि सक्रिय कळांची सुरुवात पाच सेंटिमीटरपासून धरली. या बाईला अजून तिथे पोचायचंय. औषधाच्या कळा जोरकस होतात, बाळाला दम घ्यायला उसंत कमी मिळते, ठोके बिघडले की शस्त्रक्रिया. कित्येक सिझेरियनांचं मूळ सकाळच्या अशा घाईत असतं.

११.४०
दुसऱ्या बाईचं पाणी फुटलं. हिरवट. डॉप्लर लावते. बाळाचे ठोके ११० ते १६० च्या मध्ये हवेत. कळ ओसरल्यावर ते ९५ वर रेंगाळले. तिला डाव्या कुशीवर वळवते, पुढच्या कळेनंतर पुन्हा ऐकते. तेच. आता वाट पाहणं संपलं. डॉक्टरांना फोन करते: खेप, सेंटिमीटर, पाण्याचा रंग, ठोके, वेळ. चार वाक्यं. शस्त्रक्रियेचं दालन याच मजल्यावर आहे, आणि आमची खोली त्याला लागून असायचं कारणही हेच. बाळ दालनात रडलं तेव्हा मी बाहेर तिच्या नवऱ्याशी बोलत होते.

लोकांना वाटतं, मिडवाइफ म्हणजे सिझेरियनच्या विरोधातली बाई. तसं नाही. वाट पाहायला धीर लागतो, पण ती कधी थांबवायची हे कळायला शिक्षण लागतं. माझ्या अठरा महिन्यांतला मोठा भाग त्यातच गेला.

१.३०
डबा: पोळी, भाजी, गोंगुऱ्याची चटणी. जेवताना शिकाऊ मुलगी आकडे विचारते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत तेलंगणातली ६०.७ टक्के बाळंतपणं सिझेरियननं झाली होती, महाराष्ट्रात २५.४, देशात २१.५. आमच्याकडे मुहूर्त काढून येणारी कुटुंबंही असतात. पंचांग घेऊन आलेल्या सासऱ्यांना समजावणं अभ्यासक्रमात नव्हतं, ते नोकरीत शिकले.

२.३०
बाह्यरुग्ण विभागात एक जोडपं थांबलंय. मूळचे पुण्याचे, नोकरी गच्चीबावलीत, आठवा महिना. माझं मराठी ऐकून तिचा चेहरा खुलतो. "ताई, महिनाभर मिडवाइफ शोधतोय. कोणी दाईचं नाव सांगतं, कोणी घरी येणाऱ्या बाईचं, कोणी प्रसूतीपूर्व वर्गाचं. नक्की कोणाला मानायचं?"

मी तिला विचारायचे प्रश्न लिहून देते. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे का? मिडवाइफरीचं वेगळं प्रशिक्षण कुठे झालं? कळा सुरू झाल्यावर खोलीत तीच असेल, की फक्त गरोदरपणात सल्ला देईल? डॉक्टर, शस्त्रक्रियेचं दालन आणि रक्त किती मिनिटांवर? कोणत्या कारणांनी ती बाईला डॉक्टरांकडे सोपवते? या शेवटच्या प्रश्नाला जी अडखळते किंवा "तशी वेळच येत नाही" म्हणते, तिच्याकडे जाऊ नका. व्यायाम शिकवणारी आणि धीर देणारी सोबतीण उपयोगाचीच, पण ठोके ऐकून निर्णय घेणं तिचं काम नव्हे.

नवरा विचारतो, "खासगीत?" शहरातल्या काही खासगी रुग्णालयांत मिडवाइफ आहेत. हेच प्रश्न तिथेही विचारा, आणि गेल्या वर्षी बिनजोखमीच्या पहिलटकरणींपैकी किती जणींचं सिझेरियन झालं, हेही. आकडा द्यायला कां कूं झाली तर त्यातूनही काय ते कळतं.

४.५०
पहिलटकरीण पूर्ण उघडली. आता दर पाच मिनिटांनी ठोके. ती कुशीवर झोपून एक पाय माझ्या खांद्याशी टेकवते. गरम पाण्यात पिळलेलं फडकं खाली धरते, त्यानं चिरण्याचा धोका कमी होतो. सवयीनं कात्री चालवायची नाही. सासू ओरडते, "जोर लाव!" मी हळूच म्हणते, "अम्मा, तिला स्वतःलाच जोर येऊ दे." डोकं दिसतं तेव्हा उलट फुंकर मारायला सांगते, "मेल्लगा, तल्ली, मेल्लगा." सावकाश.

५.२२
मुलगी. थेट आईच्या छातीवर. मिनिटाच्या आत आईच्या मांडीत ऑक्सिटोसिनचे दहा युनिट, रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून. नाळ लगेच कापत नाही. एक ते तीन मिनिटं थांबलं की बाळाला जास्त रक्त मिळतं, पुढे लोह पुरतं. वार पूर्ण आली का, फिरवून पाहते. टाका एकच, तोही लहान.

६.४०
तासाच्या आत बाळ अंगावर प्यायलं. दर पंधरा मिनिटांनी पोटावरून गर्भाशय चाचपते, कडक लागलं पाहिजे. सासू अजून विचारते, "म्हणजे डॉक्टर आलेच नाहीत?" "गरज पडली नाही." ती मान हलवते, मग सुनेला चहा पाजते.

८.००
चार्ज देते. निघताना दुपारच्या जोडप्यातल्या नवऱ्याचा फोन: "ताई, बाळंतपणाला तुम्हीच असाल ना?" मी खोटं बोलत नाही. कळा माझी ड्यूटी पाहून येत नाहीत. सांगते, पुढच्या तपासणीला या, आमच्या इतर मिडवाइफनाही भेटा, त्यांच्याशी मोकळेपणानं बोला. त्या दिवशी जी कोणी खोलीत असेल ती ओळखीची वाटली, तर तुमचा शोध संपला म्हणायचं.