छोट्या विमानावरचा कॅमेरा आणि उसातले नांगे



जमिनीवरून रेडिओने चालवायचे छोटे विमान आणि त्याच्या पोटाला बांधलेला काडेपेटीएवढा कॅमेरा, ही आता शहरातल्या हौशी लोकांपुरती गोष्ट राहिलेली नाही. कॉलेजात शिकणारी आपली पोरं फोमच्या पत्र्यातून असली विमानं घरी कापून बनवतात. साहजिकच सभासद विचारतात, याने आमचा ऊस वरून बघता येईल का? येईल. मात्र काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे आधी समजून घेतलं तर पैसाही वाचेल आणि पीकही.

उसाची अडचण आपल्याला ठाऊक आहे. चार महिन्यांनंतर आत शिरायची सोय राहत नाही. बांधावरून बघितलं की कडेच्या चार सऱ्या झकास दिसतात, आणि आत काय चाललंय ते तोड आल्यावरच कळतं. मधले नांगे, लोळलेला पट्टा, पाणी तुंबून पिवळी पडलेली जागा, सगळं टनेजातून उशिरा कळतं.

पीक वरून बघण्याची कल्पना आपल्या देशात जुनी आहे. १९७० च्या सुमारास डॉ. पी. आर. पिशारोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळात हेलिकॉप्टरमधून नारळाच्या बागांचे फोटो घेऊन मररोगाची झाडं ओळखली होती. हेच पिशारोटी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालक. त्यांनी वापरलेली फिल्म अवरक्त प्रकाश टिपणारी होती. निरोगी पान हा प्रकाश भरपूर परतवतं, आजारी पान कमी. आपल्या बाजारातल्या साध्या कॅमेऱ्यात हा प्रकाश अडवणारी काच बसवलेली असते, म्हणून त्यात डोळ्याला दिसतं तेवढंच दिसतं. "आमचा कॅमेरा रोग आधीच सांगतो" असं कोणी म्हणालं तर आत कोणता कॅमेरा आहे ते जरूर विचारावं.

आता कॅमेरा बसवण्याचं. यात पोरांची सर्वांत मोठी गडबड होते ती वजनाच्या जागेची. बैलगाडी भरताना आपण काय बघतो? पुढं जास्त भरली तर बैलांच्या मानेवर ओझं येतं, मागं जास्त भरली तर गाडी उलाळ होते. विमानाचं तंतोतंत तसंच आहे. बहुतेक साध्या विमानांत पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर तोल असावा लागतो. तिथं पंखाखाली दोन बोटं लावून विमान उचललं की ते सपाट राहिलं पाहिजे, नाहीतर नाक किंचित खाली. नाक जड झालं तर विमान सुस्त चालतं, पण हातात राहतं. शेपूट जड झालं की उडाल्याबरोबर उलाळ होऊन आपटतं. म्हणून कॅमेरा तोलाच्या जागेजवळच पोटाखाली बांधावा आणि उरलासुरला फरक बॅटरी पुढं-मागं सरकवून काढावा. हे पाहणं कॅमेरा लावल्यावर, बॅटरी आत असताना करायचं.

दुसरी भानगड थरथरीची. पंख्याचं एक पातं जरा जड असलं तरी चित्रातला बांध आणि सऱ्या जेलीसारख्या हलताना दिसतात. पंखा आधी समतोल करून घ्यावा, मग कॅमेऱ्याखाली मऊ फोमची गादी देऊन वेल्क्रोच्या पट्टीने आवळावा.

उंची किती ठेवायची, यावर सगळं अवलंबून आहे. कॅमेऱ्याची नजर ६० अंशाची आणि चित्राच्या रुंदीत १,९२० ठिपके धरू. ३३० फुटांवरून सुमारे ३८० फूट रुंदीचा पट्टा दिसतो आणि एक ठिपका जमिनीवरचे साधारण अडीच इंच दाखवतो. अशी एक किलोमीटरची फेरी मारली की २८ एकर डोळ्याखालून जातात. मोठ्या उसातला लोळलेला भाग बघायला हे पुष्कळ झालं, पण महिन्याच्या लागणीत नांगे मोजायचे तर कमी पडतं. तेव्हा १३० फुटांवर यावं. पट्टा १५० फुटांचा होतो, पण ठिपका एक इंचाचा मिळतो. विमान ताशी ४३ किलोमीटरने पळत असेल तर सेकंदाच्या शंभराव्या भागात ते पाच इंच पुढं जातं, आणि तेवढं चित्र फरफटतं. म्हणून स्वच्छ उन्हात उडवावं, म्हणजे कॅमेऱ्याची झडप लवकर मिटते. सकाळी फार लवकरही नको, सरीवर लांब सावल्या पडून नांगे झाकतात.

नांग्यांसाठी हे काम लागणीनंतर महिना-दीड महिन्याच्या आत करण्यातच अर्थ आहे. पिशवीतली रोपं तयार ठेवावीत, चित्र पाहून कोणत्या सरीत किती लागतील ते काढावं आणि लगेच भरावीत. उशिरा भरलेलं रोप शेजारच्या उसाच्या सावलीत दबतं. पिवळ्या पट्ट्याचं मात्र वेगळं. लोह कमी पडलं, नत्र कमी पडलं, पाणी साचलं की हुमणी लागली, वरून रंग जवळजवळ सारखाच. चित्र हातात घेऊन त्या जागी जावं आणि बेटाच्या बुडाशी कुदळ मारावी. आणि चित्रावरून टनेज सांगणाऱ्यावर आमचा तरी विश्वास नाही. कांडीची जाडी वरून दिसत नाही.

दोन-चार एकरांच्या धन्याने यासाठी स्वतःचं विमान करू नये, असं आमचं मत आहे. त्याला उतरायला मोकळं रान लागतं. एका जागी तरंगणारा चार पंख्यांचा ड्रोन तिथं सोयीचा. उपसा योजनेखालचं सलग शंभर-दोनशे एकर बघायचं असेल तेव्हा विमानाचा उपयोग.

कायद्याचंही बघावं लागतं. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचं यंत्र सर्वांत लहान वर्गात येतं, त्यावर २ किलोपर्यंत पुढचा वर्ग. हिरव्या क्षेत्रातही ४०० फुटांच्या वर जायचं नाही, आणि विमान नजरेच्या टप्प्यात ठेवायचं. कोल्हापूर, कराड, बारामती या विमानतळांच्या आसपासच्या गावांनी नकाशातलं क्षेत्र आणि त्या वेळचे नियम पाहिल्याशिवाय विमान बाहेरच काढू नये. दुसऱ्याच्या वस्तीवरून, बायाबापड्या कामाला असलेल्या रानावरून न विचारता कॅमेरा फिरवू नये. विजेच्या तारा आणि बैलगाड्यांची वाट टाळावी.

सर्वांत मोठी काळजी आगीची. या विमानांतली लिथियमची बॅटरी आपटून चेपली किंवा भोक पडलं तर पेट घेते, कधी कधी काही वेळाने. वाळलेल्या पाचटाच्या उसावर, फेब्रुवारीपासून पुढं, हे विमान उडवूच नका. शेजाऱ्याचा फड पेटला तर भरपाई कोण देणार? लोळलेला ऊस बघायचा तो पावसाळ्याअखेर, हिरवा असतानाच बघून घ्यावा.

तरीही विमान उभ्या उसात पडलं तर सगळ्यांनी एकदम आत घुसून ऊस तुडवू नये. उडवताना दोन माणसं दोन वेगळ्या बांधांवर उभी ठेवावीत. पडलं की दोघांनी जागेवरून न हलता आपापल्या दिशेला हात करावा. दोन रेषा मिळतात तिथं एकाने सरीने जावं. बॅटरी फुगलेली दिसली तर ती घरात नेऊ नये, उघड्यावर वाळूच्या घमेल्यात ठेवावी.