कॅमेऱ्याची चावी कोणाच्या हाती?

वर घर आणि खाली पेढी, ही व्यापारी कुटुंबांची जुनी रचना. घराला कुलूप लागण्याचा प्रसंग क्वचितच येई. कोणी ना कोणी वडीलधारे ओसरीवर असतच. आता चित्र पालटले आहे. मुले पुण्या-बेंगळुरूला, गोदाम गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत आणि घरी उरलेले दोन वृद्ध जीव. लग्नसराईच्या वा यात्रेच्या निमित्ताने तेही बाहेर पडले, की आठ-पंधरा दिवस घर बंद. अशा वास्तूवर दुरूनही नजर ठेवता यावी, ही इच्छा स्वाभाविक आहे आणि आज ती अल्प खर्चात पुरी होते. मात्र कॅमेऱ्याची किंमत जितक्या बारकाईने पारखली जाते, तितक्या बारकाईने त्याची चावी कोणाकडे राहणार, हे पाहिले जात नाही. खरा धोका तेथेच आहे.

गृहरक्षणासाठी कॅमेरा ही कल्पना जुनी आहे. न्यूयॉर्कमधील परिचारिका मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन यांचे आणि त्यांच्या पतीचे कामाचे तास अवेळी असत. घरी एकटे असताना दार उघडण्याची त्यांना भीती वाटे. १९६६ साली या दांपत्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते मंजूर झाले. दारावरील छिद्रांमागे सरकणारा कॅमेरा, आतल्या खोलीत दूरचित्रवाणीचा पडदा आणि तेथूनच दार उघडण्याची सोय, असा तो आराखडा होता. आजच्या मोबाइलवरील दृश्याचे मूळ त्या भीतीत आहे.

कोठे कोणता कॅमेरा

दोन-तीन खोल्यांच्या घराला वाय-फायवर चालणारा साधा कॅमेरा पुरतो. तो साधारण दीड ते तीन हजार रुपयांत मिळतो. ॲप मोबाइलवर घ्यावे, खाते उघडावे आणि कॅमेऱ्यासमोर मोबाइलवरील क्यूआर कोड धरावा, की बहुतेक कॅमेरे जोडले जातात. पुष्कळ स्वस्त कॅमेरे केवळ २.४ गिगाहर्ट्‌झच्या वाय-फायवर चालतात; जोडणी अडली तर प्रथम राउटरची ही मांडणी तपासावी. दुकानात चार किंवा अधिक ठिकाणी नजर हवी असेल, तर तारेने जोडलेले कॅमेरे आणि हार्ड डिस्क असलेला रेकॉर्डर अधिक भरवशाचा. जेथे इंटरनेटची तार पोहोचत नाही, अशा गोदामासाठी सिमकार्डवर चालणारे कॅमेरे मिळतात. ज्यांना आधी अनुभव घेऊन पाहायचा आहे, त्यांनी कपाटात पडून असलेल्या जुन्या स्मार्टफोनचाच कॅमेरा करावा; तशी ॲप उपलब्ध आहेत.

कॅमेरा खिडकीच्या काचेआड ठेवू नये. रात्री त्याचे अवरक्त किरण काचेवरून परततात आणि चित्र पांढरे पडते. तो हाताला सहज लागणार नाही इतका उंच असावा. पण आढ्याला लावल्यास चेहऱ्याऐवजी डोकीच दिसतात. वीज गेली की राउटर बंद पडतो आणि दूरचे दृश्यही. म्हणून कॅमेरा व राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर किंवा छोट्या यूपीएसवर घ्यावेत.

साठवणीचा हिशेब

साधा कॅमेरा सेकंदाला एक ते दोन मेगाबिट माहिती निर्माण करतो. एका मेगाबिटच्या गतीने दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत १०.८ गिगाबाइट जागा भरते. म्हणजे १२८ गिगाबाइटचे कार्ड सुमारे ११ दिवस पुरते आणि दोन मेगाबिटला जेमतेम सहा दिवस. त्यानंतर नव्या चित्रणाखाली जुने पुसले जाते. पंधरा दिवसांनी परतलेल्या कुटुंबाला पहिल्या रात्रीची घटना सापडणार नाही, ती यामुळे. मोठे कार्ड घ्यावे किंवा केवळ हालचाल झाल्यावरच चित्रण होईल अशी मांडणी ठेवावी. कंपनीच्या क्लाउडवर साठवण्यासाठी दरमहा शुल्क पडते. पाच वर्षांचे शुल्क जोडून पाहिले, की स्वस्त कॅमेऱ्याची खरी किंमत कळते. मात्र चोराने कॅमेराच उचलून नेला, तर कार्डही त्याच्यासोबत जाते. क्लाउडवरील चित्रण वाचते. पेढीसाठी म्हणूनच दोन्ही सोयींचा विचार करावा.

चावी

२०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील असंख्य कॅमेरे, रेकॉर्डर व राउटर ताब्यात घेतले. युक्ती अगदी साधी होती. कारखान्यातून ठरून येणारी साठ-एक नावे व पासवर्ड ती एकेक करून लावून पाहत असे, आणि मालकांनी ते बदललेच नव्हते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात या ताब्यातील यंत्रांकरवी अमेरिकेतील ‘डाइन’ या कंपनीवर हल्ला झाला आणि अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. ज्यांच्या घरचे कॅमेरे त्यात राबले, त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन अधिकाऱ्यांकडे राहतात. कॅमेऱ्यालाही हाच न्याय लावावा. मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि मोबाइलवर येणाऱ्या संकेतांकाची दुसरी पायरी चालू करावी. खाते कुटुंबातील व्यक्तीच्या नावे व क्रमांकावर असावे, कॅमेरे बसविणाऱ्या कारागिराच्या नव्हे. मुलांना वा मुनीमजींना पाहण्याची मुभा द्यायची, तर मुख्य पासवर्ड न सांगता ॲपमधील सामायिक सोयीने द्यावी. नोकर काम सोडून गेला, की त्याच दिवशी ती काढावी. ॲपने सुचविलेली सुधारणा टाळू नये. इंटरनेट कॅमेऱ्यांच्या सुरक्षा-तपासणीचे केंद्र सरकारचे नियम एप्रिल २०२५ पासून लागू झाले आहेत. खरेदी करताना त्यानुसार प्रमाणित नग मागावा आणि पक्के बिल घ्यावे.

नजर मालावर, माणसावर नव्हे

खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. संमतीविना एखाद्याच्या खासगी अंगांचे चित्र टिपणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई नुसार गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड वा दोन्ही होऊ शकतात. कापड दुकानाच्या कपडे बदलण्याच्या खोलीजवळ कॅमेरा लावताना याची जाणीव हवी. शेजाऱ्याचे दार वा खिडकी चित्रात येत असेल, तर तोंड फिरवावे. दुकानात कॅमेरा असल्याची पाटी लावावी आणि आवाज टिपण्याची सोय गरज नसल्यास बंद ठेवावी.

सर्वांत नाजूक प्रश्न घरातील वृद्धांचा. काळजीपोटी मुले त्यांच्या खोलीत कॅमेरा लावतात. पण ज्यांनी आयुष्यभर घर चालविले, त्यांना स्वतःच्याच खोलीत सतत पाहिले जाणे जाचक वाटू शकते. त्यांना विचारून, जागा ठरवून, बंद करण्याचे बटण त्यांच्या हाती देऊनच तो लावावा. मुख्य दार, जिना व स्वयंपाकघराकडे जाणारी वाट एवढे दिसले तरी बहुतेक काळजी मिटते. उरलेली दररोजच्या दूरध्वनीने मिटावी.

घटना घडल्यावर

चित्रणाला पुरावा म्हणून मोल यायचे असेल, तर कॅमेऱ्याचे घड्याळ अचूक हवे आणि मूळ कार्ड वा रेकॉर्डर न वापरता जपून ठेवायला हवा. जालना मतदारसंघाच्या निवडणूक खटल्यात, अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले, की अशा नोंदीची प्रत सादर करताना कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची तरतूद असून, त्यात तज्ज्ञाच्या स्वाक्षरीचा वेगळा भाग आहे.

शेवटी, कॅमेरा पाहतो. धावून जात नाही. दूरच्या शहरात बसून मोबाइलवर अनोळखी सावली दिसली, तर ११२ क्रमांकावर आपण कोणत्या गावी, कोणत्या पत्त्यावर मदत हवी, हे नेमके सांगावे लागते. आणि पाच मिनिटांत दाराशी पोहोचू शकेल, असा एक तरी माणूस गल्लीत असावा लागतो. कॅमेऱ्यावर तीन हजार खर्च करण्याआधी अशा शेजाऱ्याचा क्रमांक घरातील प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे ना, हे पाहावे.