मोनोवाय: एका माणसाचं गाव
अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या उत्तर टोकाला, नायोब्रारा आणि मिसुरी नद्यांच्या मधल्या गवताळ माळावर मोनोवाय वसलंय. क्षेत्रफळ साधारण अर्धा चौरस किलोमीटर. १९३०च्या दशकात इथं शे-दीडशे माणसं होती. मग शेतीतली कामं आटली, तरुण शहरांकडे गेले. २०१०च्या जनगणनेत लोकसंख्या भरली १! एल्सी आयलर. महापौर त्याच, कारकून त्याच, खजिनदारही त्याच. स्वतःच्या बारचा परवाना स्वतःच मंजूर करायचा! पती रूडी २००४ साली गेले. त्यांची सुमारे पाच हजार पुस्तकं एल्सीबाईंनी छोट्याशा खोपट्यात वाचनालय म्हणून मांडली. मला सगळ्यात भावतं ते हेच.

२०२०ची जनगणना मात्र २ माणसं दाखवते. खासगी माहिती उघड होऊ नये म्हणून जनगणना विभाग आकड्यांत मुद्दाम थोडा फेरफार करतो. दुसरं माणूस गावात नव्हतंच.