अनुभवाची पुन्हा परीक्षा

पदवी आणि परवाना ह्या दोन्ही गोष्टी एकच होत, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः दोहोंत मोठे अंतर आहे. अमुक मनुष्याने अमुक विद्या संपादन केली, एवढेच पदवी सांगते. त्या विद्येच्या भरवशावर इतरांचे प्राण त्याच्या हाती सोपवावयास हरकत नाही, असे परवाना सांगतो. पदवी विद्यापीठ देते, तर परवाना शासन देते. अमेरिकेतील वायोमिंग राज्याने १९०७ साली अभियंत्यांच्या नोंदणीचा कायदा केला आणि पुढे तेथील इतर राज्यांनीही तोच मार्ग धरला. भारतात सर्व अभियंत्यांना सरसकट लागू होईल असा कायदा नाही. परंतु जेथे एका चुकीने तत्काळ प्राणांवर बेतते, अशा काही कामांना परवान्याचे बंधन आहे. विमानाची देखभाल हे त्यांपैकीच एक. १९३७ च्या विमान नियमावलीतील ६१ वा नियम ह्याच परवान्याविषयी आहे.

हा परवाना मिळविण्याची धडपड पाहावयाची, तर चेन्नईच्या दक्षिणेकडील तांबरम हे गाव त्यास योग्य ठिकाण होय. १९३१ साली मद्रास बीच ते तांबरम अशी विजेवर चालणारी रेल्वे सुरू झाली आणि हे गाव शहराला जोडले गेले. १९३७ साली मद्रास ख्रिश्चन कॉलेज येथे आले. येथेच भारतीय वायुदलाचा तळ असून त्यावर यांत्रिक प्रशिक्षण संस्था आहे. बेळगावजवळच्या सांबरा येथे प्राथमिक शिक्षण घेऊन देशाच्या सर्व भागांतील तरुण पुढील तांत्रिक शिक्षणासाठी येथे येतात. त्यांत सातारा-कोल्हापूरकडील तरुण असतात, तसे विदर्भ-मराठवाड्यातीलही असतात. काहीजण पुढे शिक्षक म्हणून पुन्हा ह्याच तळावर येतात. रस्त्यावर तमिळ, तळावर हिंदी, घरात मराठी आणि कामाच्या पुस्तकांत इंग्रजी, अशा चार भाषांत त्यांचा संसार चालतो.

२०२२ साली अग्निपथ योजना आली. तिच्यापूर्वी भरती झालेल्या वायुसैनिकाची सेवा प्रथमतः वीस वर्षांची असते. म्हणजे चाळिशीच्या आसपास तो सेवामुक्त होतो. मुले शाळेत असतात, सरकारी निवासस्थान सोडावयाचे असते आणि निवृत्तिवेतनात भागेल की नाही ही विवंचना असते. मुंबईच्या विमानतळावर किंवा नागपूरच्या मिहान परिसरातील विमान दुरुस्ती केंद्रात आपल्या कौशल्याला मागणी आहे, हे तो जाणतो. परंतु वायुदलाची विमाने नागरी विमान वाहतुकीच्या कायद्याखाली येत नाहीत. त्यामुळे वायुदलातील त्याचे अधिकार नागरी विमानाला लागू पडत नाहीत. तो पाना चालवू शकतो, इंजिनाचा दोष हुडकू शकतो. मात्र काम झाल्यावर ‘हे विमान उड्डाणास योग्य आहे’ अशा दाखल्यावर सही करू शकत नाही. त्या सहीसाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना हवा आणि परवान्यासाठी परीक्षा द्यावयास हवी.

युरोपीय नियमांच्या धर्तीवर आखलेली ही परीक्षा घटकवार होते. विजेची व इलेक्ट्रॉनिकीची मूलतत्त्वे, धातू व इतर साहित्य, देखभालीच्या पद्धती, वायुगतिकी, विमानाची रचना, गॅस टर्बाइन इंजिन, मानवी घटक आणि वैमानिकी कायदा असे तिचे विषय आहेत. प्रत्येक घटकात शेकडा ७५ गुण मिळवावे लागतात. विद्यापीठात ७४ गुण मिळविणारा विद्यार्थी पहिल्या वर्गात गणला जातो. येथे तो अनुत्तीर्ण होय. एक घटक राहिला म्हणून बाकीचे वाया जात नाहीत, परंतु तो एक पार पडेपर्यंत परवाना अडून राहतो. युरोपीय नियमात तर अनुत्तीर्ण झालेला घटक सामान्यतः नव्वद दिवसांच्या आत पुन्हा देता येत नाही.

वीस वर्षे ज्याच्या हातून विमाने सुखरूप उडाली, त्याची परीक्षा कशाला? हातच्या काकणाला आरसा कशाला? हा प्रश्न अनेक तंत्रज्ञ मनातल्या मनात विचारतात आणि तो रास्तही वाटतो. त्याचे उत्तर १९९० साली इंग्लंडमध्ये घडलेल्या एका अपघातात मिळते.

त्या वर्षी १० जून रोजी बर्मिंगहॅमहून स्पेनकडे निघालेल्या विमानाची, वैमानिकापुढील एक काच सुमारे सतरा हजार फुटांवर असताना उखडून गेली. मुख्य वैमानिक कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय घट्ट धरून ठेवले आणि सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टन येथे उतरविले. मुख्य वैमानिकासह सर्वजण वाचले. चौकशीत असे आढळले, की काच नुकतीच बदललेली होती आणि तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट आवश्यकतेपेक्षा सुमारे दोन तृतीयांश मिलिमीटर बारीक होते. उरलेले सहा आखूड होते. काम करणारा अधिकारी नवशिका नव्हता. तो जाणता होता आणि परवानाधारकही होता. रात्रीची वेळ, अपुरी माणसे आणि अंधुक प्रकाश अशा स्थितीत त्याने जुना बोल्ट समोर धरून नवे बोल्ट नजरेने जुळविले. कोणता बोल्ट लागतो, हे भांडारातील मनुष्याने सांगितले होते. पुस्तकातही ते छापलेले होते. परंतु त्याने आपल्या डोळ्यांवर भरवसा ठेवला.

ह्या घटनेतील मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. अज्ञानाने होणारी चूक शिक्षणाने टाळता येते. परंतु ‘मला ठाऊक आहे’ ह्या खात्रीतून होणारी चूक केवळ अनुभवाने टळत नाही. उलट अनुभवाबरोबर ती खात्री वाढत जाते. म्हणूनच ‘मानवी घटक’ हा विषय अभ्यासक्रमात आहे. थकवा, घाई, अंधार आणि फाजील आत्मविश्वास ह्यांचा मनुष्याच्या निर्णयावर कसा परिणाम होतो, हे त्यात शिकविले जाते. परवाना मिळाल्यावरही मागील दोन वर्षांत किमान सहा महिने प्रत्यक्ष काम केलेले असावे, अशी अट असते. सारांश, हात वाकबगार आहे की नाही, एवढेच ही परीक्षा पाहत नाही. तो हात छापील पानाला मान देतो की नाही, हे ती पाहते.

आणि नेमके येथेच वयस्क परीक्षार्थी अडखळतो. गणिताचा सराव सुटलेला असतो, हे एक कारण. दुसरे कारण भाषेचे आहे. आंतरराष्ट्रीय वैमानिकी नियमांत ‘शॅल’ हा शब्द सक्ती दर्शवितो, तर ‘शुड’ हा केवळ शिफारस. मराठीतील ‘करावे’ ह्या एकाच रूपात आज्ञा, सल्ला आणि विनंती ही तिन्ही सामावतात. मराठीत विचार करणारा मनुष्य त्या दोन इंग्रजी शब्दांवरून सहज पुढे सरकतो आणि कायद्याच्या प्रश्नपत्रिकेत त्याचे गुण जातात. अशा वेळी पहिल्या खेपेचे अपयश बुद्धीचे नसते. ते वाचण्याच्या सवयीचे असते. पुन्हा तीच पुस्तके तशीच वाचून ते भरून निघत नाही. कोणता प्रश्न आपण ठाऊक असल्याच्या भरात सोडविला, हे शोधून काढणे हाच पुनर्परीक्षेचा खरा अभ्यास होय.

परीक्षा देऊन झाल्यावर निकालाची प्रतीक्षा सुरू होते. विशीतल्या विद्यार्थ्याची प्रतीक्षा त्याच्या एकट्याची असते. चाळिशीतल्या मनुष्याबरोबर त्याचे सारे घर वाट पाहते. मुलांना कोणत्या गावच्या शाळेत घालावयाचे, तांबरमचे बिऱ्हाड केव्हा हलवावयाचे, हे सारे त्या एका आकड्यावर अवलंबून असते. शिवाय निकाल अनुकूल लागला तरी प्रतीक्षा संपत नाही. वायुदलातील अनुभव जमेस धरला गेला, तरी नागरी विमानांवरील काही काळाचा अनुभव वेगळा लागतो. अनुभवाच्या नोंदवहीची छाननी होते. पुढे विशिष्ट जातीच्या विमानाचे शिक्षण घेऊन त्याची नोंद परवान्यावर व्हावी लागते आणि मगच त्या विमानावर सही करता येते.

ह्या दीर्घ काळात भोवतालच्या माणसांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. ‘एवढी वर्षे नोकरी केली आणि अजून परीक्षाच देतोस?’ हा प्रश्न थट्टेत विचारला, तरी तो जिव्हारी लागतो. उद्या ह्याच मनुष्याने सही केलेल्या विमानात शे-दीडशे अनोळखी प्रवासी निश्चिंतपणे बसणार असतात. त्यांपैकी एकालाही त्याचे नाव ठाऊक नसते आणि त्याच्या सहीचा कागद कोणी पाहावयास मागत नाही. त्या सहीमागे ७४ गुणांवर थांबविण्याइतका कठोर नियम उभा आहे, म्हणूनच त्यांना तो पाहावयाची गरज पडत नाही.