मंगळसूत्राची वाटी सापडते, साखळी सापडत नाही

एसीवाल्याकडून तांब्याच्या नळीचा हातभर तुकडा मागून आणा. तो उभा धरा आणि आत मावेल असा छोटा पण जोरदार लोहचुंबक वरून सोडा. तांब्याला चुंबक चिकटत नाही हे आपण शाळेतच शिकलोय. तरीही तो खाली धाडकन पडत नाही, मधात सोडल्यासारखा सावकाश उतरतो!

सरकणाऱ्या चुंबकामुळे तांब्यात विजेचे छोटे छोटे भोवरे उठतात आणि ते चुंबकाला अडवतात. यामागचं तत्त्व फॅरेडेला 1831 साली सापडलं. मेटल डिटेक्टर याच भोवऱ्यांवर चालतो. एक कॉइल जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते, खालच्या धातूत भोवरे उठतात आणि त्यांचा क्षीण प्रतिसाद दुसरी कॉइल टिपते. भोपाळच्या सोनागिरीजवळ, भेलच्या कारखान्यात, ट्रान्सफॉर्मर बनतात. तिथे हेच भोवरे नकोसे असतात, कारण त्यांच्यामुळे गाभा तापतो. म्हणून गाभा अखंड न ठेवता पातळ पत्र्यांचे थर लावून रचतात. एकाचं नुकसान, ते दुसऱ्याचं भांडवल.

हे भोवरे समजले की हरवलेला दागिना का सापडतो किंवा का सापडत नाही, तेही कळतं. भोवऱ्याला फिरायला सलग धातू लागतो. मंगळसूत्राची वाटी छान बोलते. नाजूक साखळीची मात्र प्रत्येक कडी वेगळी, इवलीशी. यंत्राला ती जवळजवळ दिसतच नाही. अखंड अंगठी ठणठणीत सूर देते. तीच कापली गेली किंवा जोडव्यासारखी उघड्या तोंडाची असली, की आवाज मंदावतो. आणि सोन्याची छोटी अंगठी बऱ्याचदा चॉकलेटच्या चांदीच्या कागदासारखीच वाजते. म्हणून ‘कचरा वगळा’ हे बटण फार कडक लावलं, तर कचऱ्याबरोबर सोनंही जातं. माझ्या मते नवख्याने ते सैल ठेवावं आणि भरपूर कचरा उकरायची तयारी ठेवावी.

यंत्र घ्यायला गेलात, की दुकानदार ते किती खोलवर शोधतं याचे आकडे सांगतो. तुम्ही मातीबद्दल विचारा. भोपाळकडची काळी माती बेसाल्टच्या झिजेतून आलेली, तिच्यात लोहाची खनिजं असतात. कोकणच्या जांभ्यातही लोह आहे, रत्नागिरीच्या काही किनाऱ्यांवर काळी इल्मेनाइटची वाळू आहे. अशी जमीन स्वतःच कुरकुरते, आणि त्या कुरकुरीत नाण्याचा सूर बुडतो. म्हणून बागेसाठी साधं एका फ्रिक्वेन्सीचं यंत्र चालेल, पण त्यात ‘ग्राउंड बॅलन्स’ हवाच, म्हणजे मातीचा आवाज वजा करण्याची सोय.

समुद्रावर आणखी एक अडचण येते. कोरडी वाळू गुणी असते. ओली खारी वाळू मात्र स्वतःच वीज वाहते, आणि एका फ्रिक्वेन्सीचं यंत्र तिथे उगाच ओरडत सुटतं. तिथे एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं यंत्र घ्यावं, किंवा पल्स इंडक्शनचं. पल्सवालं मिठाला फारसं जुमानत नाही, खोलवर ऐकतं, पण लोखंडी खिळा आणि सोनं यांत फरक करण्यात कच्चं असतं. एरवी सोनागिरीच्या बागेत आणि सुट्टीत अलिबागला, असं दोन्हीकडे एकच यंत्र वापरायचं असेल, तर अनेक फ्रिक्वेन्सीचं, पाण्यात चालणाऱ्या कॉइलचं घ्या. पैसे जास्त जातात, पण तेच बरोबर.

ग्रॅहॅम बेलने 1881 मध्ये असंच यंत्र घेऊन अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली बंदुकीची गोळी शोधायचा प्रयत्न केला होता. ती सापडली नाही. पलंगाच्या गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी यंत्राला चकवलं, असं सांगतात. आजूबाजूचा धातू तेव्हाही नडायचा, आजही नडतो. म्हणून बागेतल्या बाकांच्या लोखंडी पायांपासून दूर राहा.

बागेत खणायचं तर आधी परवानगी घ्या आणि खड्डा बुजवा. संरक्षित स्मारकांच्या आवारात यंत्र नेऊच नका. आणि जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं जुनं धन हाती लागलं, तर 1878 च्या कायद्याप्रमाणे ते कलेक्टरना कळवावं लागतं.