सीमा-स्विच व मूळस्थान-स्विच

संगणक-नियंत्रित (सीएनसी) यंत्रोपकरणातील सरकत्या भागाला त्याच्या मार्गाच्या टोकाशी थांबविणाऱ्या स्विचाला सीमा-स्विच आणि मोजमापाचा आरंभबिंदू ठरविणाऱ्या स्विचाला मूळस्थान-स्विच म्हणतात. हौशी कारागिरांच्या लहान यंत्रांत पुष्कळदा एकच स्विच ही दोन्ही कामे करतो.

अशा यंत्रातील स्टेपर चलित्र आज्ञेनुसार ठरावीक पायऱ्या फिरते. परंतु सरकता भाग प्रत्यक्ष कोठे आहे, याची वार्ता नियंत्रकाकडे सामान्यतः परत येत नाही. वीज खंडित झाल्यास किंवा कर्तक अडकून पायऱ्या चुकल्यास स्थान हरवते आणि अर्धवट कोरलेली वस्तू वाया जाण्याचा संभव असतो. स्थान पुन्हा मिळविण्यासाठी प्रत्येक अक्ष प्रथम जलद स्विचापर्यंत नेतात, थोडा मागे घेतात व पुन्हा सावकाश नेऊन आरंभबिंदू निश्चित करतात. २०० पायऱ्यांचे चलित्र व एका फेऱ्यात ८ मिमी. सरकविणारा मळसूत्री दंड असल्यास एका पूर्ण पायरीत ०.०४ मिमी. अंतर कापले जाते. स्विच दर वेळी साधारण इतक्याच फरकाने लागला, तरी लाकूडकामास ते पुरेसे असते.

प्रकार : (१) यांत्रिक सूक्ष्मस्विच स्वस्त व जोडण्यास सोपा असतो, मात्र त्याचे संस्पर्श झिजतात व गंजतात. (२) प्रकाशीय स्विचात झडप मध्ये येऊन प्रकाशकिरण अडतो. त्यात झीज नसते. परंतु भुसा साचल्यास तो चुकीचा संकेत देतो. (३) प्रवर्तनी स्विच धातू जवळ येताच स्पर्शाविना कार्य करतो. तो बंदिस्त असल्याने भुसा व ओल यांचा त्यास फारसा उपद्रव होत नाही. लोखंडाच्या मानाने ॲल्युमिनियम त्यास निम्म्याहूनही कमी अंतरावरून जाणवते. म्हणून समोर पोलादी तुकडा बसवितात. (४) हॉल परिणामावर आधारित स्विच चुंबकाच्या सान्निध्याने चालतो. हा परिणाम एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधून काढला.

निवड : स्विच किती अचूक आहे यापेक्षा तो बिघडल्यावर काय होईल, हा प्रश्न महत्त्वाचा होय. अमरावती जिल्ह्यात सातपुड्याच्या गाविलगड डोंगरांत, सु. १,१०० मी. उंचीवर असलेले चिखलदरा पावसाळ्यात धुक्याने वेढलेले असते. अशा दमट हवेत उघड्या संस्पर्शांवर ऑक्साइडाचा थर चढतो. एरवी उघड्या राहणाऱ्या मंडलाची तार तुटली वा संस्पर्श गंजला, तर नियंत्रकास काहीच कळत नाही व सरकता भाग चौकटीवर आदळतो. एरवी बंद राहणाऱ्या मंडलात तोच बिघाड स्विच लागल्यासारखा भासतो व यंत्र थांबते. म्हणून बंद मंडलाची जोडणी श्रेयस्कर ठरते. एका अक्षाच्या दोन्ही टोकांचे असे स्विच एकसरीत जोडता येतात.

सूक्ष्मनियंत्रकाच्या २० ते ५० किलोओहम अंतर्गत रोधकातून ५ व्होल्टला जेमतेम ०.१ ते ०.२५ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. ऑक्साइडाचा थर भेदण्यास तो अपुरा पडतो. बाहेरून १ किलोओहमचा रोधक जोडल्यास प्रवाह ५ मिलिअँपिअर होतो. मेळघाटातील सागासारखे लाकूड कोरताना बारीक भुसा उडतो. ओल व भुसा एकत्र असतील तेथे बंदिस्त प्रवर्तनी स्विच किंवा जलरोधक सूक्ष्मस्विच घेणे इष्ट. स्विचाच्या तारा कर्तकाच्या चलित्राच्या तारांपासून दूर ठेवतात व कवचयुक्त वापरतात, अन्यथा विद्युत् गोंगाटाने यंत्र विनाकारण थांबते.

सीमा-स्विचाचा संकेत आज्ञावलीमार्फत जात असल्याने माणसाच्या सुरक्षिततेसाठी तो पुरेसा नाही. चलित्रांचा वीजपुरवठा थेट तोडणारे आणीबाणीचे बटण स्वतंत्रपणे बसवावे लागते.