वनस्पतिजन्य कीटकनाशके : त्यांचे विषारी गुण व घ्यावयाची दक्षता

नागपूर व आसपासच्या जिल्ह्यांत कपाशी, तूर व भाजीपाल्यावरील किडींच्या बंदोबस्तासाठी निंबोळी अर्क, दशपर्णी अर्क, तंबाखूचा काढा इत्यादी घरगुती औषधे वापरली जातात. ती अल्प खर्चात तयार होतात व त्यांचा अंश पिकावर फार काळ टिकत नाही. परंतु ‘झाडपाल्याचे औषध, त्यापासून अपाय तो कोणता?’ ही समजूत सर्वस्वी खरी नाही. कीड मरते ती वनस्पतीतील विषामुळेच. ते विष कोणत्या झाडाचे आहे, किती तीव्र आहे व कोणत्या वाटेने शरीरात शिरते, यावर माणसाला होणारा अपाय अवलंबून असतो.

निंबोळी

नागपूर येथे १९७६ साली स्थापन झालेली केंद्रीय कापूस संशोधन संस्था कपाशीवरील रसशोषक किडींसाठी ५ टक्के निंबोळी अर्काची शिफारस करते. निंबोळीतील ॲझाडिरॅक्टिन या द्रव्यामुळे किडीचे खाणे मंदावते व तिची वाढ खुंटते. माणसास व गुराढोरांस ते फारसे विषारी नाही. तथापि निंबोळीचे तेल पाजल्याने तान्ह्या मुलांना वांत्या, आकडी व बेशुद्धी येऊन मृत्यू ओढवल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. बुरशी आलेल्या निंबोळ्यांत यकृतास घातक असे विष तयार होऊ शकते. म्हणून निंबोळ्या सावलीत वाळवाव्या, हवेशीर जागी साठवाव्या व काळ्या पडलेल्या टाकून द्याव्या.

तंबाखू

तंबाखूच्या काढ्याची गोष्ट अगदी वेगळी आहे. प्रयोगशाळेत उंदराच्या दर किलो वजनामागे सुमारे ५० मिलिग्रॅम निकोटीन पोटात गेल्यास निम्मे उंदीर दगावतात. ॲझाडिरॅक्टिनच्या बाबतीत ५,००० मिलिग्रॅमनेही तसे घडत नाही. शिवाय निकोटीन धडधाकट कातडीतूनही आत शिरते. काढ्यात साबण मिसळल्याने तर ते अधिक सुलभतेने शोषले जाते. मळमळ, घेरी, घाम व छातीत धडधड ही त्याची पहिली लक्षणे होत. निकोटीन सल्फेट या तयार औषधाच्या देशांतर्गत वापरावर १९९२ साली बंदी आली, ही गोष्ट घरी काढा उकळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी.

कण्हेर, धोतरा व सीताफळ

दशपर्णी अर्कातील दहा पाने सर्व गावी सारखी नसतात. काही ठिकाणी त्यांत कण्हेर व धोतरा यांचाही पाला घालतात. कण्हेरीतील विष हृदयाची गती बिघडवते. पाला वाळवल्याने वा उकळल्याने ते नाहीसे होत नाही. अर्क गाळून उरलेला चोथा उकिरड्यावर टाकल्यास शेळ्या व गुरे तो खाऊन दगावण्याचा धोका असतो. तो खोल खड्ड्यात पुरावा. धोतऱ्याने तोंडास कोरड पडते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात व भ्रम होतो. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेल्यास बुबुळावरील पारदर्शक पडद्यास गंभीर इजा होते. निंबोळीने काम भागत असता अशा वनस्पती वापरू नयेत.

फवारणी करताना

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. ती औषधे रासायनिक होती. परंतु दाट व उंच कपाशीत फवारा तोंडावर येणे, अंगावरचे कपडे भिजणे व त्याच हातांनी भाकरी खाणे, या विष शिरण्याच्या वाटा वनस्पतिजन्य औषधासही खुल्याच असतात. म्हणून हातमोजे, चष्मा, तोंडावर फडके व पूर्ण बाह्यांचा सदरा वापरावा. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये, वारा पाठीवर वा बाजूने घ्यावा. मधमाश्या पोळ्यात परतल्यावर, सायंकाळी फवारावे. पंप व भांडी नाल्यात किंवा विहिरीजवळ धुऊ नयेत. स्वयंपाकाची भांडी या कामी कदापि वापरू नयेत.

अर्काच्या भांड्यावर चिठ्ठी लावा

दुकानातील औषधाच्या डब्यावर विषाचे नाव छापलेले असते व ते पाहून डॉक्टर उपचार ठरवतात. घरगुती अर्काला असे नाव नसते. म्हणून प्रत्येक भांड्यावर त्यातील वनस्पतींची नावे, अर्क केल्याची तारीख व ‘विष’ हा शब्द ठळक अक्षरांत लिहावा. अर्क पाण्याच्या वा सरबताच्या बाटलीत ठेवू नये.

विषबाधेची शंका येताच रोग्यास मोकळ्या हवेत आणावे, भिजलेले कपडे काढून अंग साबणाने धुवावे. डोळ्यात अर्क गेल्यास १५ मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी. मीठपाणी पाजून वांती करवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व भांड्यावरील चिठ्ठी रोग्यासोबत रुग्णालयात न्यावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अर्क करण्याची रीत शिकवितानाच ही चिठ्ठीही शेतकरी बंधूंकडून लिहून घ्यावी.